यासीनभाई आणि आमच्या घरचं मत

यासीन खोत या माणसाचा मी मनापासून हेवा केला. चोरून नाही, चांगला उघड उघड. माझ्या बायकोला ते माहीत होतं, त्याच्या बायकोला माहीत होतं, आणि खुद्द त्यालाही माहीत असावं, कारण एकदा जिन्यात भेटल्यावर तो मला म्हणाला होता, "संतोष, मला बघितलं की तुझा तोंड आंबट होतो. लिंबू कमी खा." आता तो ओमानात नाही. वादी अदाईतल्या आमच्या इमारतीत, त्याच्या फ्लॅटमध्ये एक सुदानी कुटुंब राहायला आलंय. माणसं भली आहेत, ईदला गोड पाठवतात. पण हेवा करावा असं त्यांच्यात काही सापडत नाही, आणि त्यामुळे संध्याकाळी कामावरून आल्यावर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

यासीनभाई सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचा. दाभोळच्या खाडीकाठचा माणूस. सडसडीत अंगाचा, कानांवरचे केस पांढरे, शर्ट घरात असतानासुद्धा खोचलेला. त्याच्या हातात काहीही द्या, तो ते आधी उजेडाकडे धरायचा. मुलाची उत्तरपत्रिका, विजेचं बिल, सीबच्या बाजारातून आणलेला सुरमईचा तुकडा, सगळं. एकदा वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांच्याकडे घावन पाठवले. हा माणूस घावन दोन बोटांत धरून आमच्या दारात उभा, जिन्यातल्या ट्यूबलाइटकडे बघतोय. म्हणाला, "वहिनी, मधी जाड झालाय. आणि ही कड बघा, कच्ची हाय."

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर वैशालीनं पुन्हा त्या घरात पाण्याचा पेलासुद्धा पाठवला नसता. याच्यावर ती हसली, आत गेली, पीठ सैल केलं आणि दुसरा घाणा काढला. तो चांगला जाळीदार झाला हे मला कबूल करावं लागेल. पण मी तेच घावन लग्न झाल्यापासून खात होतो आणि दर वेळी छान म्हणत होतो. त्या छानची कुणी कधी एवढी कदर केली नव्हती.

इकडे आखातात 'इन्शाल्ला' हा फार सोयीचा शब्द आहे. काम होणार नसेल, माणूस येणार नसेल, तरी नाही म्हणायचं नसतं. इन्शाल्ला म्हणायचं, दोघांनी हसायचं आणि विषय संपवायचा. मी हिंदू असूनही दिवसभरात कितीदा म्हणतो. पाच वेळचा नमाजी यासीनभाई मात्र हा शब्द मोजून वापरायचा. "अल्लाचं नाव घेऊन खोटा कशाला बोलू?" म्हणायचा. "नाय तर नाय." आणि खरोखरच नाय म्हणायचा. पार्टीला येतोस का? नाय, मला तिकडची बिर्याणी आवडत नाय. गाडी देतोस का दोन दिवस? नाय, तू ब्रेक जोरात दाबतोस. आश्चर्य म्हणजे लोक रागवायचे नाहीत. उलट घर घेण्याआधी, मुलाला कुठल्या शाखेला घालावं याच्या आधी, माणसं त्याच्याकडे जाऊन बसायची. माझ्याकडे कुणी येत नसे. मी सगळ्यांना हो म्हणायचो.

एकदा अल हैलला कुणाच्या तरी बंगल्यावर मराठी मंडळी जमली होती, आणि आग्रह झाला म्हणून मी एक नाट्यगीत म्हटलं. गावात भजनी मंडळात माझा आवाज नावाजलेला. टाळ्या पडल्या. कुणी म्हणालं, काय लागलाय आवाज. कुणी म्हणालं, संतोषराव, तुम्ही नोकरी चुकलात. मी तरंगत होतो. तेवढ्यात यासीनभाई ताट घेऊन शेजारी आला आणि हळूच म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात तुला धाप लागली. सिगरेट किती ओढतोस?" परत येताना गाडीत वैशालीनं माझ्या खिशातलं सिगरेटचं पाकीट काढून खिडकीबाहेर टाकलं, आणि मी गाडी थांबवली नाही. सिगरेट त्या दिवसापासून सुटली. डॉक्टरांनी सांगून सुटली नव्हती, आईनं शपथ घालून सुटली नव्हती. असल्या माणसाचा हेवा करायचा नाही तर काय आरती करायची?

तो इथं आला त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी होती. आम्ही सगळे इथं आलो ते कुणाचं तरी बोट धरून. माझ्या मामांचे अर्बाब, म्हणजे ते ज्यांच्याकडे कामाला होते ते ओमानी मालक, त्यांच्या भावाची एसीची कंपनी. त्या वाटेनं मी आलो आणि आज तिथे फोरमन आहे. आपल्याकडे ज्याला वशिला म्हणतात त्याला इकडे वास्ता म्हणतात, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. यासीनभाईचेही एक काका इथल्याच सहम गावी दुकान टाकून बसलेले होते, त्यांची मोठमोठ्या लोकांत ऊठबस होती. ते म्हणाले, मी एक शब्द टाकतो. तर हा म्हणाला, नको. सरकारी भरतीची जाहिरात आली तेव्हा मुंबईला जाऊन रांगेत उभा राहिला, परीक्षा दिली, पडला. पुढच्या भरतीला पुन्हा दिली आणि आला. काका त्याच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते म्हणे. हे सांगताना त्याच्या आवाजात बढाई नसायची, आणि तेच जास्त खुपायचं. बढाई मारणाऱ्या माणसाला निदान मनातल्या मनात दोन शिव्या तरी देता येतात.

आता मुद्द्यावर येतो, कारण आमच्यात खरी ठिणगी पडली ती वैशालीच्या नोकरीवरून.

वैशाली बीएड आहे. लग्नाआधी लांज्याजवळच्या हायस्कुलात शिकवायची. मग इथे आली, सई झाली, आणि ती घरात अडकली. दुपारी इमारतीतली मुलं जिन्यावर जमवून ती त्यांना शिकवायची. मराठी, गणित, जे येईल ते. फळा नव्हता, लिफ्टच्या शेजारच्या भिंतीवर खडूनं लिहायची आणि वॉचमन येण्याआधी पुसायची. तिला पुन्हा वर्गावर उभं राहायचं होतं. हे ती कधी बोलून दाखवायची नाही, पण सईच्या शाळेत पालकसभेला गेलो की ती रिकाम्या वर्गांच्या खिडक्यांतून आत बघत चालायची, आणि मला पुढे जाऊन थांबावं लागायचं.

सईची शाळा म्हणजे आपल्याच लोकांनी चालवलेली. कारभार बघायला पालकांतून निवडून दिलेलं मंडळ. त्या मंडळावरच्या सामंत साहेबांचा अल हैलला बंगला आहे. ऐन जूनमध्ये, शुक्रवारी, त्यांचा एसी बंद पडला आणि मी सुट्टी सोडून गेलो. काम झाल्यावर सरबत पिता पिता मी वैशालीचा विषय काढला. साहेब म्हणाले, "प्राथमिकची एक जागा रिकामी होतेय. समजा झालंच. सुट्टीनंतर शाळा उघडली की तिला घेऊन या." मी घरी येऊन सांगितलं तेव्हा वैशाली मोरीत कपडे पिळत होती. तिनं हातातला कपडा तसाच परत बादलीत टाकला. त्या आठवड्यात तिनं दोन सुती साड्या घेतल्या आणि प्रमाणपत्रांना नवी फाइल.

आणि नेमका त्याच वेळी, शाळेला सुट्टी लागायच्या तोंडावर, यासीनभाईच्या मुलाचा एक मार्क गेला.

झालं असं, की विज्ञानाच्या नव्या बाईंनी फुप्फुसाची आकृती काढायला दिली होती. यासीनभाईच्या मुलानं डावं फुप्फुस लहान काढलं, कारण बापानं लहानपणापासून त्याला एक्स-रेच्या फिल्मा दाखवलेल्या. बाईंनी मार्क कापला. दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत म्हणाल्या, आणि हृदय बरोब्बर मधोमध. यासीनभाई दुसऱ्या दिवशी स्वतःच्या छातीचा एक्स-रे घेऊन शाळेत गेला आणि मुख्याध्यापकांच्या खिडकीवर धरला. त्यावर बाई म्हणाल्या, "पण सर, ही तुमची छाती आहे. आम्ही मुलांना आदर्श छाती शिकवतो." बाई मंडळावरच्या कुणाच्या तरी मेहुणी होत्या. विज्ञान त्यांचा विषयच नव्हता.

मार्क परत मिळाला. दुसरा कुणी असता तर पेढे वाटून गप्प बसला असता. हा घरोघर फिरायला लागला. कामावरून यायचा, नमाज पढायचा आणि निघायचा. त्याचा ठराव साधा होता. शाळेतली प्रत्येक जागा जाहीर करायची, लेखी परीक्षा घ्यायची, आणि मग उमेदवारानं खऱ्या वर्गात खऱ्या मुलांपुढे एक तास शिकवून दाखवायचं. निवड समितीत कुणी ओळखीचं असेल तर त्यानं उठून बाहेर जायचं. पालकांच्या वार्षिक सभेत यावर मतदान मागायचं. मत एका घराला एक. मुलं कितीही असोत, कागद एकच.

आमच्या घरी तो सगळ्यांत आधी आला. मी दारातच म्हणालो, "यासीनभाई, वैशालीचं ठरलंय, तुला माहीत आहे ना?"

"माहीत हाय. म्हणून पहिला इथं आलो. मागून कळला असता तर तुला वाईट वाटला असता."

"मग? आता काय छान वाटतंय?"

तो माझ्याकडे न बघता वैशालीकडे वळला. "वहिनी, तुम्ही जिन्यावर शिकवता तो मी येताजाता ऐकतो. तुम्हाला वशिल्याची गरज हाय की नाय, मला नाय माहीत. तुम्हाला माहीत हाय?"

वैशाली उठली. चहा टाकायला आत गेली, आणि चहा काही लवकर आला नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सभा शाळेच्या हॉलमध्ये. सगळ्या प्रांतांची माणसं, त्यामुळे बोलणं हिंदीत, आणि ओरडणं ज्याच्या त्याच्या भाषेत. सामंत साहेब चांगलं बोलले, मी मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, "हम सब यहाँ कैसे आए? किसी ने हाथ पकड़ा, तब आए. परदेस में अपने ही अपनों को नहीं देखेंगे तो कौन देखेगा?" मला आजही ते म्हणणं पटतं. माझ्या मामांनी हात धरला नसता तर मी लांज्याच्या एसटी स्टँडवर पंखे दुरुस्त करत बसलो असतो.

मग गोंधळ झाला. कुणी मेहुणीचं नाव घेतलं, कुणी कुणाची बाही धरली. यासीनभाई माइकपाशी गेला. इस्पितळात दिवसभर म्हणतो त्याच आवाजात म्हणाला, "सब लोग साँस लीजिए. ... रोकिए." आणि शपथेवर सांगतो, अख्ख्या हॉलनं श्वास धरला. मी सुद्धा. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. सगळ्यांना थोडा वेळ तसंच ठेवून तो म्हणाला, "छोड़िए." सगळे हसले, बाही धरणाराही हसला. मग तो बोलला ते एवढंच, "सामंत साहब ठीक बोले. हाथ पकड़ के ज़रूर लाइए. दरवाज़े तक. अंदर बच्चे बैठे हैं, अंदर अपने पैर पे जाने दीजिए." आणि जागेवर येऊन बसला. एवढी माणसं एका शब्दावर श्वास धरतात, आणि मी घरात टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं तर सई मान वर करत नाही.

मताचा कागद आमच्या घरचा म्हणून माझ्या हातात आला. मी पेन शोधत होतो. वैशालीनं कागद माझ्या बोटांतून काढून घेतला. ओढला नाही, देवळात प्रसाद घेतात तसा घेतला. मला पाठ केली, गुडघ्यावर ठेवून खूण केली, चार घड्या घातल्या आणि स्वतः उठून पेटीत टाकून आली. ठराव मंजूर झाला. चांगल्या मतांनी झाला, म्हणजे आमचं घर नसतं तरी झालाच असता. पण माझं म्हणणं ते नाही.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "काय केलंस?"

"हो केलं."

"अगं, नोकरी हातात होती! त्या माणसाच्या एसीखाली मी सुट्टीचा दिवस घामानं निथळलोय."

"मग तुम्ही घ्या ती नोकरी," ती म्हणाली. थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला बघायचंय, अहो. मला अजून येतं का ते."

"येतं की! मी सांगतो ना, तू छान शिकवतेस."

तिनं खिडकीची काच वर केली.

लेखी परीक्षा ती सहज पास झाली. मग वर्ग घेऊन दाखवायचा होता. समितीवर पालकांतर्फे यासीनभाई होता, त्यामुळे सरावाच्या वेळी तो घरात पाऊल टाकेना. "मला काय दाखवू नका," दारातूनच म्हणायचा. म्हणून तिनं माझ्यापुढे सराव केला. मी सोफ्यावर बसून ऐकलं आणि छान झालं म्हणालो. सई म्हणाली, "पपा, धिस इज सो ऑकवर्ड." मनात म्हटलं, काय बिघडतंय, शेवटी समितीवर आपला शेजारी आहे.

आणि वैशालीचं नाव पुकारल्यावर हा शेजारी काय करतो? खुर्ची मागे सरकवतो, "ओळख हाय," म्हणतो, आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर माझ्याच शेजारी येऊन बसतो. तासभर आम्ही दोघं त्या बाकावर. मी त्याच्याकडे एकदाच तिरकं बघितलं. तो भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता. मला वाटलं झोपला.

जागा सहमहून आलेल्या एका बाईंना मिळाली. त्यांना त्या शाळेत कुणीही ओळखत नव्हतं.

घरी आल्यावर मी तसाच समोरच्या दारात गेलो. यासीनभाईच्या बायकोनं, रुखसाना भाभींनी, दार उघडलं, त्यांना काय म्हणालो आठवत नाही. यासीनभाईला म्हणालो, "आत बसला असतास तर तुझं काय जाणार होतं? माणसं शेजाऱ्यासाठी काय काय करतात! तू साधा खुर्चीवर बसला नाहीस."

"बस. चाय घे," तो म्हणाला.

माझ्या मागून वैशाली आली होती. डोळे रडून सुजलेले, पण आवाज ठीक होता. मला ओलांडून ती पुढे गेली आणि तिनं विचारलं, "यासीनभाई, कुठे कमी पडले?"

"बाहेरनं सगळा ऐकू येत होता," तो म्हणाला. "वहिनी, तुम्ही प्रश्न एकदम चांगला विचारता. पण मुलानं तोंड उघडायच्या आत उत्तरही तुम्हीच देता. दर वेळी. ती सहमवाली बाई थांबत होती. मुलं गप्प, तर ती पण गप्प. मग एक बोलला, मग दुसरा बोलला." मग त्यानं विचारलं, "घरी कोण उत्तर देत नाय काय तुम्हाला?"

रुखसाना भाभी आत कपबशा मांडत होत्या, त्या थांबल्या.

"देतात ना," वैशाली म्हणाली. "छान म्हणतात."

मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी दिवसभर तापलेल्या गच्च्यांवर उभा असतो, घरी आल्यावर माणसाला जरा फोन बघावासा वाटतो, पोरगी इंग्रजीशिवाय बोलत नाही, त्यात माझा काय दोष. पण त्या घरात तेव्हा कुणी मला काही विचारलं नव्हतं. मी चहा प्यालो आणि घरी आलो. रात्रभर मला जाळत होतं ते हे, की बंद दाराआडून एका तासात या माणसानं माझ्या बायकोचं जे ऐकलं, ते मी एवढा संसार करून एकाच खोलीत बसून ऐकलं नव्हतं. नवरा मी होतो. ऐकायचा हक्क माझा होता, आणि तो ते फुकटात घेऊन गेला.

पुढच्याच आठवड्यात त्यानं समिती सोडली. ज्या समितीसाठी तो घरोघर फिरला होता तीच. सामंत साहेबांना वाटलं त्याला उपरती झाली. कारण इतकंच होतं, की त्याला आता वैशालीचा सराव ऐकता यावा. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात इमारतीतली मुलं बसायची, आणि मागे यासीनभाई. वैशालीनं स्वतःच उत्तर दिलं की तो नुसतं बोट वर करायचा. सुरुवातीला ते बोट खाली यायलाच तयार नसे. मग हळूहळू ती थांबायला शिकली. किती अवघड असतं ते मी कोपऱ्यातून बघत होतो. तिच्या गळ्याशी उत्तर आलेलं दिसायचं आणि ती ते गिळायची.

त्रास असा झाला, की ती घरातही थांबायला लागली. "भाजी कशी झालीय?" विचारायची आणि माझ्याकडे बघत उभी राहायची. पूर्वी "बरी झालीय ना" असं स्वतःच म्हणून ती निघून जायची, केवढं सोपं होतं. आता ती हलायची नाही. एका दिवशी मी घाबरत घाबरत म्हणालो, "मीठ कमी आहे." ती "हं" म्हणाली आणि मीठ घेऊन आली. बस, एवढंच झालं. मग मी तेलाबद्दलही बोललो. सई मराठीत अडखळत म्हणाली, "मम्मा, मला पण... ही भाजी नाही आवडते." आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो, कारण एवढं लांब वाक्य मराठीत ती घरात पहिल्यांदाच बोलली होती.

पुढच्या वर्षी पुन्हा एक जागा निघाली. पुन्हा परीक्षा, पुन्हा वर्ग, आणि या वेळी समितीत आमच्या ओळखीचं कुणीही नाही. निकालाच्या दुपारी मी मुद्दाम लवकर घरी आलो होतो, केशरी शिरासुद्धा करून ठेवला होता, उपयोगी पडला तर पडला. जिन्यावर तिची पावलं वाजली. थांबली. आणि घंटा वाजली ती समोरच्या दाराची. मग रुखसाना भाभींची आनंदाची आरोळी. मी दार उघडलं तेव्हा वैशाली वळून म्हणाली, "अहो, झालं!" तिचा चेहरा मी लग्नातही इतका उजळलेला बघितला नव्हता. मी खूश होतो, खोटं नाही सांगत. पण ती बातमी माझ्याकडे जिना ओलांडून, दुसऱ्या दारावरून आली होती, आणि शिरा मी सगळ्यांना वाढला तेव्हा स्वतःसाठी बशी घेतली नाही. यासीनभाईनं बशी उजेडाकडे धरली, मला डोळा मारला आणि काही न बोलता सगळा संपवला.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याची नोकरी गेली. गेली म्हणजे सरकारी जागा हळूहळू इथल्या मुलामुलींकडे जात आहेत, तशीच त्याची मरियम नावाच्या ओमानी मुलीकडे गेली. तिला त्यानंच शिकवलं होतं. मी म्हटलं, कागदावर सही करायची होतीस की ती अजून तयार नाही म्हणून, वर्ष तरी निघालं असतं. तो म्हणाला, "तयार हाय तर नाय कसा लिहू? मुलांच्या फिल्मा माझ्यापेक्षा चांगल्या काढते ती. पोरं तिच्याकडे रडत नाय." मग मला कळलं की त्याच्याकडे एक मोठे ओमानी गृहस्थ नेहमी यायचे, त्यांच्या गुडघ्याचे एक्स-रे हाच काढायचा, आणि त्यांनी आपणहून विचारलं होतं की मी वर बोलू का. यानं नको सांगितलं.

मी खरंच चिडलो. "भाई, एक फोन होता! थोरल्याची दहावी आहे, भाभींना इथं सवय झालीय. एका फोननं कुणाचं काय वाईट होणार होतं?"

तो सामान बांधत होता. दोरीची गाठ दातात धरून ओढली आणि म्हणाला, "मग वहिनींना काय तोंड दाखवणार होतो?"

रुखसाना भाभी आतल्या खोलीत होत्या. त्या त्याच्याशी नीट बोलत नव्हत्या, हे मला दिसत होतं. मुलं तर अजिबातच नाही. त्या दिवशी त्याचाही चेहरा काही फार बरा नव्हता. हेवा करायला तेव्हा थोडी सुट्टी घ्यावी लागली.

भाभी आणि मुलं आधी गेली. तो मागे राहिला, हिशेब मिटवून, घर रिकामं करून एकटा निघाला. विमान सकाळचं, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी. मी माझ्या पिकअपमधून त्याला विमानतळावर सोडायला गेलो. वाटेत तो फारसा बोलला नाही. डोंगरांकडे बघत होता. ब्रेक मी हळू दाबत होतो.

आत जायच्या दारापाशी ट्रॉलीवर सामान चढवलं. त्यानं इकडे तिकडे बघितलं. पुन्हा एकदा माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"वहिनी नाय आल्या?"

 आदल्या दिवशी मी वैशालीला किती समजावलं होतं, की रजा टाक, अगं हा माणूस नसता तर, आणि ती नाही म्हणाली होती. मी म्हणालो, "पहिला तास तिचा असतो. मुलांची चाचणी आहे. रजा नाही घेणार म्हणाली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा काही फुलला, की शेजारून जाणारा हमालसुद्धा वळून बघायला लागला. "हां," म्हणाला. "हां! बरोबर हाय." माझ्या पाठीत एक जोरदार थाप मारली, ट्रॉली वळवली आणि शर्ट खोचत खोचत आत गेला, वरात निघाल्यासारखा. काचेतून तो मला बराच वेळ दिसत होता. एकदाही त्यानं मागे वळून बघितलं नाही.

मागच्या गणपतीत मी एकटाच गावी गेलो. या वेळी मात्र वैशालीनं रजा टाकली, मला विमानतळापर्यंत सोडायला आली, डब्यात घावन बांधून दिले आणि मी आत जाईपर्यंत काचेपाशी उभी राहून हात हलवत राहिली. तेव्हा मला यासीनभाईचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आयुष्यात कधी वाटला नव्हता.